सोपारे आणि वसई

(साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



जरा पुढे सरकून बसा. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा. आमचा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. छत्तीस वर्षे मुलांवर ओरडण्यात तो खर्च झाला.

आज इतिहास सांगायचा आहे. पण हा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आपल्या वर्गातल्या एका मावशींनी निवडला. त्या तीस वर्षे भाजीची पाटी घेऊन मुंबईला जात आहेत. पहाटेची गाडी धरायची, माल विकायचा, दुपारी परत यायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी स्टेशने ओळखली ती खुणांनी. खाडीचा पूल गेला, की नायगाव. मग वसई. मग आपले नालासोपारे. एकदा पुलावर डोळा लागला आणि बाई थेट विरारला पोचल्या.

गेल्या महिन्यात गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून पाटीकडे पाहिले आणि अक्षर अक्षर लावले. ना, ला, सो, पा, रा. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या त्या प्रश्न घेऊनच. "गुरुजी, नाळं ठाऊक हाय, सोपारंबी ठाऊक हाय. पण ह्यांना ही नावं दिली कोणी? आणि कधी?"

पाटी वाचणारे लाखो लोक रोज जातात. हा प्रश्न फार थोडे विचारतात. नाळे आणि सोपारे ही दोन गावे. त्यांची नावे जोडून स्टेशनचे नाव झाले, एवढे त्याच दिवशी आम्ही सांगितले. पण सोपारे हे नाव रेल्वेपेक्षा फार जुने आहे. किती जुने, ते आज पाहू.

आधी जमीन डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला समुद्र. उत्तरेला वैतरणा नदी. दक्षिणेला वसईची खाडी. आणि या दोहोंना जोडणारी मधली सोपाऱ्याची खाडी. म्हणजे चारही बाजूंनी पाणी. आपला हा पश्चिमेचा पट्टा पूर्वी बेटच होता. आज त्या मधल्या खाडीवरून जाताना तुम्ही नाकाला रुमाल लावता. एके काळी तिच्यात समुद्र ओलांडणारी गलबते नांगर टाकून उभी राहत.

आता बंदराला काय लागते? नाखवा मंडळी इथे बसली आहेत, ती आमच्यापेक्षा चांगले सांगतील. एक तर आडोसा लागतो. उघड्या समुद्रावर वाऱ्याचा मार बसतो, खाडीत शिरले की पाणी शांत. दुसरे म्हणजे पिण्याचे गोडे पाणी. तिसरे म्हणजे माल आत देशावर नेण्याची वाट. सोपाऱ्याला तिन्ही होते. इथून कल्याण, कल्याणहून नाणेघाट चढला की जुन्नर, आणि पुढे पैठण. देशावरचे कापड त्या वाटेने खाली यायचे आणि परमुलखाचा माल वर जायचा. नाणेघाटात दगडाचा एक मोठा रांजण आजही आहे. त्यात जकातीचे पैसे टाकत, असे लोक सांगतात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, ग्रीक भाषा लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी माणसाने या समुद्रावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. कुठे काय मिळते, कुठे खडक आहेत, कुठे सावध राहावे. भडोचच्या खाली त्याने नाव लिहिले आहे, सुप्पारा. त्याच्या खाली कल्याण. पाहा, भाषा बदलली, धर्म बदलले, राजे किती आले नि गेले. नाव मात्र तेच राहिले. संस्कृत ग्रंथांत ते शूर्पारक असे येते. बौद्धांच्या कथांत सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. तो बुद्धाचा शिष्य झाला आणि त्याने गावात चंदनाचा विहार बांधला, अशी ती कथा. कथा ती कथा. पण कथेत यायलासुद्धा गाव मोठे असावे लागते.

आता एका दगडाची हकिगत ऐका. आजच्या भाषणात आम्हाला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते हेच.

सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या देशात अशोक नावाचा राजा होता. राजधानी पाटलीपुत्राला, म्हणजे आजच्या पाटण्याला. त्याने आपल्या राज्यात जागोजागी खडकांवर लेख कोरवले. लेख संस्कृतात नव्हते. लोक बोलत त्या प्राकृत बोलीत होते. अक्षरे ब्राह्मी. आपण आज जी अक्षरे गिरवतो त्यांची ही पणजी म्हणा. तिच्यातला 'क' अगदी सोपा, बेरजेच्या खुणेसारखा. 'ठ' म्हणजे नुसता वाटोळा गोल. आपल्या 'ठ' च्या पोटात तो गोल अजून आहे, घरी गेल्यावर पाटीवर काढून पाहा.

असे चौदा लेख राजा एका ठिकाणी कोरवत असे. सोपारे हे मोठे बंदर, म्हणून इथेही ते कोरवले. माणसे आली, त्यांनी वाचले, ज्यांना येत नव्हते त्यांनी वाचून घेतले. पुढे शेकडो वर्षे गेली. अक्षरांची वळणे बदलत गेली. एक दिवस असा आला, की देशात ती अक्षरे वाचणारा एकही माणूस उरला नाही. दगड होता, अक्षरे होती, पण वाचता कोणालाच येईना. मोठमोठे पंडितसुद्धा त्या अक्षरांपुढे निरक्षर झाले. तुम्ही वर्गात पहिल्या दिवशी आलात तेव्हा लाजत होता. तेव्हाच ही गोष्ट सांगायला हवी होती, असे आम्हाला मागाहून वाटले.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रजाने कलकत्त्यात बसून त्या अक्षरांचा उलगडा केला. मग १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्याला आले. हे मूळचे जुनागढचे. तिथे गिरनारच्या वाटेवर अशोकाचा मोठा शिलालेख आहे. तो डोळ्यांसमोर असल्यामुळे तरुणपणीच त्यांनी ती अक्षरे वाचण्याचा ध्यास घेतला होता. सोपाऱ्यात भाटेला तळ्याजवळ त्यांना एक फुटका दगड मिळाला. त्यावर थोडी अक्षरे होती. पाहतात तो अशोकाचा आठवा लेख! पुढे १९५६ साली भुईगावात आणखी एक तुकडा सापडला. तो नववा लेख निघाला. भुईगाव कुठे ते तुम्हाला सांगायला नको. इथल्या कित्येकांच्या लेकी तिथे दिल्या आहेत.

त्या लेखांत काय आहे? आठव्यात राजा म्हणतो, की पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी फिरत. आपण मात्र धर्मासाठी यात्रा करतो. साधुसंतांना भेटतो, म्हाताऱ्यांना भेटतो, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो. नववा लेख तर जणू आपल्या गावाकडे पाहूनच लिहिला आहे. तो म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाले म्हणजे, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. करावेत. पण त्यांचे फळ थोडे. नोकराचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांना मान देणे, जीवांवर दया करणे, हा खरा विधी. हे आम्ही आमच्या शब्दांत सांगितले. पण मतलब हाच आहे. हा राजाचा सांगावा आपल्याच पायाखाली पडून होता, आणि वाचता येत नसल्यामुळे तो आपल्याला कित्येक शतके मिळाला नाही.

त्याच साली, १८८२ च्या एप्रिलात, भगवानलालांनी सोपाऱ्याजवळचे बुरूड राजाचे कोट नावाचे टेकाड खणले. बुरूड राजा कोण, कोणालाच माहीत नव्हते. आम्हाला आपले असे वाटते, की शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणणारा तो बुरूड. तेव्हा शूर्पारक या नावाचीच आठवण लोकांनी अशी धरून ठेवली असेल. ही आमची अटकळ आहे, खात्रीचा इतिहास नव्हे. टेकाड खणल्यावर कोट नव्हे, तर बौद्धांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात विटांची खोली आणि खोलीत मोठी दगडी पेटी. पेटीत बुद्धाच्या आठ लहान मूर्ती होत्या. एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक होते. सोन्याची फुले होती, आणि एका मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. सोन्याच्या डबीत काय जपले होते, तर मातीच्या फुटक्या भांड्याचे तुकडे. बुद्धाचे भिक्षापात्र मानून ते जपलेले होते. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. आठव्या लेखाचा दगड मुंबईच्या मोठ्या वस्तुसंग्रहालयात आहे.

आणखी एका लेखाचा उल्लेख करतो. तो नाशिकच्या लेण्यात आहे. उषवदात नावाचा एक मोठा सरदार होता, नहपान राजाचा जावई. त्याने सोपाऱ्यात धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट तर ठेवली, म्हणजे उतारूंना पैसे पडू नयेत. दोन हजार वर्षांपूर्वी तरीचे पैसे माफ! आज भाईंदरच्या तरीचे किती होतात, ते आम्ही बोलत नाही.

मग एवढे बंदर बुडाले कसे? ते शत्रूने बुडवले नाही. ते गाळाने बुडवले. नदी डोंगरावरून येते तेव्हा माती घेऊन येते. खाडीत तिचा जोर कमी होतो, माती खाली बसते. दर पावसाळ्याला थोडी थोडी. एका पिढीला ते दिसत नाही. आजोबा म्हणतात, इथे पूर्वी मोठे गलबत यायचे. नातू म्हणतो, आजोबा काहीतरीच सांगतात. असे होता होता मोठी तारवे सोपाऱ्यात येईनाशी झाली, आणि व्यापार खाडीच्या तोंडाशी, वसईकडे सरकला. आगाशीलाही लाकडाचा मोठा व्यापार होता आणि जहाजे बांधली जात. आगाशीचे नाव आज सुकेळ्यांसाठी निघते, जहाजांसाठी कोणी काढत नाही.

वसई तेव्हा गुजरातच्या सुलतानाकडे होती. पोर्तुगीज लोक गोव्यात ठाण मांडून बसले होते. त्यांचा डोळा या किनाऱ्यावर होता. उत्तरेकडून मोगल बादशहा हुमायून सुलतानाला दाबत होता. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. २३ डिसेंबर १५३४ ला सुलतान बहादूरशहाने तह केला आणि वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. तिच्याबरोबर तिच्या ताब्यातली बेटे गेली. त्या बेटांत एक मुंबई.

हे वाक्य पुन्हा ऐका. वसई दिली, आणि तिच्याबरोबर मुंबई गेली. आज लोक म्हणतात, वसई हे मुंबईचे उपनगर. त्या काळी मुंबई हीच वसईच्या मागून चालणारी होती. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या सगळ्या मुलखाचा कारभार वसईहून चाले. किल्ल्यात मोठमोठे वाडे, देवळे, इस्पितळ. आपल्याकडचा काळा दगड गलबतांत भरून गोव्याला जाई. जुन्या गोव्याच्या मोठ्या चर्चांना वसईचा दगड लागला आहे. आपल्या भावांनी तो फोडला, भरला, चढवला. त्यांची नावे मात्र कुठे लिहिलेली नाहीत.

त्या दोनशे वर्षांत पुष्कळ गावे ख्रिस्ती झाली. काही खुशीने, काही धाकाने, काही पोटासाठी. आज त्याचा हिशेब मांडत बसण्यात आम्हाला रस नाही. त्यांची बोली मराठीच राहिली. इथे बसलेल्या आमच्या कुपारी भगिनींची कादोडी बोली ऐकून कोणी तिला परकी म्हणणार नाही. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा व्यापारानिमित्त जपानपर्यंत गेला, मग साधू झाला, आणि १५९७ साली नागासाकीला त्याला इतरांबरोबर क्रुसावर चढवून मारले. १८६२ साली रोमने त्याला संत म्हटले. त्याचा बाप पोर्तुगीज, आई इथलीच. बंदराच्या गावचा मुलगा कुठवर जातो, ते पाहा.

पुढे १७३९. ही गोष्ट तुम्ही पोवाड्यात, नाटकात ऐकली असेल, म्हणून लांबवत नाही. थोरल्या बाजीरावाचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा यांनी वसईला वेढा घातला. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी. जमिनीकडून जावे तर तटावरून तोफा. आपल्या लोकांनी जमिनीखालून भुयारे खणली, दारू ठासली आणि बुरूज उडवले. पडलेल्या भिंतीवरून चढताना हजारो माणसे मेली. मेच्या महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला. चिमाजी आप्पांनी त्यांना हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर जाऊ दिले. बायकामुलांना त्रास दिला नाही. मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. जिंकलेला माणूस कसा वागतो, त्यावरून त्याची किंमत आम्ही करतो, आणि या बाबतीत आप्पांना आम्ही पैकीच्या पैकी गुण देतो. वज्रेश्वरीचे देऊळ या विजयाच्या नवसातले. डिसेंबर १७४० मध्ये आप्पा वारले.

वसईच्या चर्चची एक घंटा नाशिकला गेली. गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळावर ती आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण नारोशंकराची घंटा म्हणतो ना, ती ही. आमची मुले शाळेत आम्हाला तेच म्हणत असत. आम्हाला ऐकू येत नाही असे त्यांना वाटे.

१७८० साली इंग्रजांच्या गोडार्डने वसई घेतली. दोन वर्षांनी सालबाईच्या तहात ती परत मराठ्यांना मिळाली. पण पुढचा तह वाईट. ३१ डिसेंबर १८०२. होळकरांनी पुण्यावर स्वारी केली, तेव्हा दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आसऱ्याला आला, तो इथे वसईला. इथेच त्याने कागदावर सही केली. इंग्रजांची फौज कायमची ठेवून घेईन, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून देईन, त्यांना विचारल्याशिवाय कोणाशी लढाई किंवा तह करणार नाही. सोळा वर्षांत, १८१८ साली, पेशवाई संपली. सही करणाराला लिहितावाचता चांगले येत होते, हे लक्षात ठेवा. म्हणून आम्ही वर्गात नेहमी म्हणतो, की कागद वाचला, आता त्याचा अर्थ सांग.

पेशवाई गेल्यावर वसई बंदर म्हणून उठले नाही. मुंबई १६६५ साली इंग्रजांच्या हाती गेली होती. तिथले पाणी खोल, किनारा आडोशाचा. पुढे आगबोटी आल्या. त्यांना खोल पाणी लागते, ते वसईच्या गाळात कुठून मिळणार? उरलेसुरले काम रेल्वेने केले. १८६४ साली मुंबईपासून गुजरातेपर्यंत रूळ जोडले गेले, आणि माल गलबतातून उतरून डब्यात चढला. १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. जायला एक, यायला एक. विजेची गाडी विरारला आली १९३६ साली. मग काय विचारता! वसईची केळी, विड्याची पाने, फुले, भाजी, दूध पहाटे मुंबईच्या दारात. राजाचे तारू गेले. आमच्या मावशींची पाटी आली. पोर्तुगीजांचा बाजार दोनशे वर्षे चालला, हा पाटीचा बाजार दीडशे वर्षे चालला आहे. आम्ही दोन्ही बाजार एकाच वहीत लिहू.

आता जवळचा काळ. हा आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे बोलताना शब्द जड जातात.

१९८८-८९ च्या सुमारास या पट्ट्यात इमारतींचा लोंढा सुरू झाला. मुंबईत जागा परवडेना, माणसांना घर हवे. त्यांचा दोष नाही. पण त्या इमारतींना पाणी कुठून द्यायचे? नळ नव्हते. मग टँकर आले. बागायतदारांच्या विहिरींवर पंप बसले आणि रात्रंदिवस उपसा सुरू झाला. आता विहिरीचे शास्त्र समजून घ्या. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून वर राहते. समुद्राजवळच्या जमिनीत त्याच्या खाली खारे पाणी असतेच. तुम्ही पोहऱ्याने काढाल तेवढे पाऊस भरून देतो. पंपाने उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. एकदा ते चढले की उतरायला कित्येक पावसाळे जातात. आमच्या घरच्या विहिरीचे पाणी आमच्या आईने चहाला वापरणे ज्या दिवशी सोडले, तो दिवस आम्हाला आठवतो. तिने घोट घेतला, पेला खाली ठेवला, आणि काही न बोलता शेजारच्या विहिरीकडे कळशी घेऊन गेली.

या उपशाविरुद्ध लोक उभे राहिले. हरित वसई संरक्षण समिती निघाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू तिचे पुढारी. ते मराठीचे मोठे लेखकही होते. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ साली वारले. मोर्चात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे होते. विहीर खारट होते तेव्हा ती जात विचारत नाही.

त्याच काळातली आमच्या आळीतली एक गोष्ट. एक वयस्क काका होते. नाव सांगत नाही. केळीची वाडी, पानवेली, गोड्या पाण्याची विहीर. एका संध्याकाळी ते आमच्याकडे कागद घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, पाण्याचा करार हाय म्हणतात, दोन वर्षांचा. जरा वाचून दाखवा." आमच्यापुढे परीक्षेच्या वह्यांचा ढीग होता. आम्ही म्हणालो, "काका, उद्या या." दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे गाडी घेऊन आली, आणि काकांनी अंगठा उठवला. कागद पाण्याचा नव्हता. जमिनीचा होता. काका पुढे बारा वर्षे जगले. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. भेटले की "काय मास्तर, बरं आहे ना?" एवढेच विचारीत. त्या वाडीवर आता चार मजली इमारत आहे. आम्ही त्या गल्लीतून जात नाही. लांबून वळसा घेतो. हा वर्ग आम्ही का चालवतो, असे ट्रस्टच्या मंडळींनी विचारले होते. तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आज दिले.

३ जुलै २००९ ला वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या मोजणीत तिच्या हद्दीत बारा लाखांहून जास्त माणसे होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१८ च्या जुलैत जो पाऊस झाला, तेव्हा नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या आणि मिठागराच्या वस्तीतली माणसे अडकून पडली. पाण्याला जायला वाट लागते. ती वाट म्हणजे खाडी, नाले, तळी आणि मिठागरे. त्यांत भराव घातला, की पाणी घरात येते. सोपाऱ्याची खाडी गाळाने बुजायला शेकडो वर्षे लागली. आपण डंपरने ते काम एका पिढीत करत आहोत.

आणि बंदराची गोष्ट अजून संपलेली नाही. २०२४ साली आपल्याच जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवणला नवे मोठे बंदर बांधायला केंद्र सरकारने मंजुरी दिली. ७६ हजार कोटींचे काम. किनाऱ्यावरचे मच्छीमार म्हणतात, आमची मासळीची जागा जाईल. सरकार म्हणते, रोजगार येईल. इथल्या पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळ्याच्या मंडळींनाही त्याची काळजी आहे, हे आम्ही जाणतो. त्यावर आमचे मत विचाराल, तर आम्ही एवढेच सांगू, की त्याचे कागद मागवा आणि या वर्गात आणा. आपण ते वाचू. एका रात्रीत नाही झाले, तर चार रात्री बसू. "उद्या या" असे आम्ही कोणाला म्हणणार नाही.

आता मावशींचा प्रश्न. नाव कोणी दिले? ते कोणा एकाने दिलेले नाही, मावशी. शूर्पारक, सोपारक, सुप्पारा, सोपारे. नाखव्यांनी, व्यापाऱ्यांनी, भिक्षूंनी, पाटीवाल्यांनी बोलून बोलून ते असे गुळगुळीत झाले आहे, ओढ्यातल्या गोट्यासारखे.

येत्या रविवारी वर्ग इथे भरणार नाही. आपण सोपाऱ्याला स्तूप पाहायला जाऊ. सकाळी आठला सगळ्यांनी वडाखाली जमायचे. डबा आणि पाणी बरोबर घ्यावे. पाटी-पेन्सिलही आणा. तिथे पुरातत्त्व खात्याचा फलक लावलेला आहे. तो मावशी मोठ्याने वाचतील, आणि अडल्या तर पुढचा शब्द मागच्या ओळीतल्या मंडळींनी सांगायचा. आम्ही सांगणार नाही.